बाटलीतले सोले, तेलातला लसूण आणि बोट्युलिझम: घरची साठवण बिनधोक कशी ठेवायची

डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा बाजारात ढिगानं येतात. सोलेभात होतो, कचोऱ्या होतात, आमटी होते, आणि उरलेल्या सोल्यांचं, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचं, काय करायचं हा प्रश्न घरोघरी पडतो. अलीकडे त्याचं उत्तर मोबाईलवरच्या व्हिडिओतून येतं: सोले उकळा, मिठाच्या पाण्यासकट काचेच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, बाटली अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा, मग वर्षभर फळीवर ठेवली तरी काही होत नाही. हे उत्तर चुकीचं आहे आणि जिवावर बेतू शकतं. या पद्धतीनं भरलेली बाटली बोट्युलिझमच्या जंतूला हवं ते सगळं एका जागी आणून देते.

बोट्युलिझम म्हणजे या जंतूच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा आजार, आणि तो दुर्मीळ आहे. बहुतेक डॉक्टरांना अख्ख्या आयुष्यात एकही रुग्ण दिसत नाही. पण तो झाला की माणूस श्वासाच्या यंत्रावर जातो आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो. तालुक्याच्या गावात ते यंत्र मिळेलच असं नाही. म्हणून हे सगळं स्वयंपाकघरातच अडवलेलं बरं, आणि ते जमण्यासारखं आहे.

जंतू कुठून येतो

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा मातीतला जंतू. वावरातल्या मातीत, तळ्याच्या गाळात तो बीजाणूच्या रूपात निपचित पडलेला असतो. बीजाणू म्हणजे जाड कवचात स्वतःला बंद करून घेतलेला जंतू. लसूण, आलं, ओली हळद, बटाटा, गाजर, बांबूचे कोंब, शेंगा अशा मातीतल्या किंवा मातीजवळच्या मालावर ते असू शकतात. धुण्यानं कमी होतात, पण सगळे जात नाहीत. नुसते बीजाणू पोटात गेले तर मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. आपण ते रोज खातो.

धोका सुरू होतो तो बीजाणू उगवून जंतू झाला आणि वाढू लागला की. वाढताना तो विष सोडतो. त्यासाठी त्याला चार गोष्टी एकाच वेळी लागतात: हवा नको, ओल हवी, आंबटपणा आणि मीठ-साखर कमी हवी, आणि ऊब हवी. ऊब साधारण 35 ते 37 अंशांची असली की तो जोमानं वाढतो. आपल्याकडे मार्च ते जून घरातल्या फळीवर तेवढी ऊब आयतीच असते.

आता उकळण्याचं बघू. पाणी 100 अंशांवर उकळतं. त्यात साधे जंतू मरतात, पण हे बीजाणू तासन्‌तास उकळूनही टिकतात. त्यांना मारायला 121 अंश लागतात, आणि तेही बाटलीच्या अगदी मध्यापर्यंत पोचावे लागतात. चिखलदरा 1000 मीटरहून उंच, तिथे तर पाणी 96-97 अंशांवरच उकळतं. उकळल्यानं बाटलीतली हवा निघून जाते, बाकीचे जंतू मरतात, बीजाणू तेवढे उरतात. झाकण बसलं की आत हवा नाही, जागेला वाटेकरी नाही, आणि मऊ शिजलेलं अन्न समोर. उघड्या पातेल्यातल्या शिळ्या भाजीपेक्षा अशी बाटली म्हणूनच जास्त घातक. बाटली कितीही स्वच्छ उकळून घेतली तरी फरक पडत नाही, कारण बीजाणू बाटलीवर नसतात, आतल्या मालावर असतात.

शरीरात काय होतं

विष अन्नासोबत पोटात जातं, आतड्यातून रक्तात येतं आणि जिथे नस स्नायूला मिळते तिथे जाऊन बसतं. नस स्नायूला हुकूम देते तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. हे रसायन बाहेर सोडण्यासाठी नसेच्या टोकात काही प्रथिनं असतात. विष नेमकी तीच प्रथिनं तोडतं. स्नायू ठीक असतो, मेंदू ठीक असतो, पण हुकूम पोचत नाही आणि स्नायू सैल पडतो.

लक्षणं बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात. कधी काही तासांत, कधी आठ-दहा दिवसांनीही. सुरुवातीला मळमळ, उलटी, पोटात कळ येऊ शकते, आणि लोक अपचन समजून सोडा पितात. मग वरून खाली असा क्रम लागतो. डोळ्यांपुढे धूसर दिसतं, एकाच्या दोन वस्तू दिसतात. पापण्या जड होऊन खाली येतात. तोंड कोरडं पडतं. जीभ जड होते, बोलणं अडखळतं. घास गिळवत नाही, पाणी नाकातून परत येतं. मान धरवत नाही. मग हात, छाती, पाय. छातीचे आणि पोटाच्या पडद्याचे स्नायू सैल पडले की श्वास अपुरा पडतो, आणि मृत्यू होतो तो त्यामुळेच. बद्धकोष्ठ होतं, लघवी अडू शकते.

दोन खुणा घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. ताप नसतो. आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. डोळे मिटलेले, आवाज नाही, हालचाल नाही, म्हणून तो बेशुद्ध वाटतो, पण त्याला सगळं ऐकू येतं, कळतं. त्याच्यासमोर रडारड किंवा निरवानिरवीच्या गोष्टी करू नका. त्याच्याशी बोला, काय चाललंय ते सांगत राहा.

यावर प्रतिविष आहे. ते रक्तात फिरणारं विष थांबवतं, पण नसेच्या आत शिरलेलं विष त्याच्या हाती लागत नाही. म्हणून ते जितक्या लवकर मिळेल तितका लकवा कमी पसरतो. झालेला लकवा उतरायला नसेला नवी टोकं फुटावी लागतात, त्याला आठवडे ते महिने लागतात. तोवर माणसाला जगवायचं काम व्हेंटिलेटरचं. पूर्वी निम्म्याहून जास्त रुग्ण दगावायचे. जिथे हे उपचार वेळेवर मिळतात तिथे आता शंभरात पाच-दहाच्या आत.

आजीची साठवण का टिकते

आपलं वाळवण आणि लोणचं जंतूला लागणाऱ्या त्या चार गोष्टींपैकी एक तरी पक्की काढून घेतं. कुरड्या, पापड, सरगुंडे, मुगवड्या, सांडगी मिरची यांत ओल नसते. कैरीच्या आणि लिंबाच्या लोणच्यात आंबटही असतं आणि मीठही. मोरावळ्यात, साखरआंब्यात आंबट आणि भरपूर साखर. नीट केलेलं हे सगळं निर्धास्त खा.

घात होतो तो कृती अर्धवट बदलली की. रक्तदाबासाठी मीठ निम्मं केलं. लसणाच्या लोणच्यात लिंबू कमी पिळलं, कारण मुलांना आंबट नको. वाळवण पुरतं वाळायच्या आत पाऊस आला म्हणून दमट असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधलं. तेलाचा थर वर आहे म्हणजे आत काही शिरणार नाही, असं समजून बिनआंबट वस्तू तेलात बुडवली. तेल बुरशीला अडवतं ते हवा तोडून, आणि हवा तुटलेली जागा या जंतूला हवीच असते. हळद, हिंग, मोहरी यांनीही बीजाणू मरत नाहीत. दुकानात मिळणारं सोडियम बेंझोएट आंबट पदार्थातच काम करतं, तेही मुख्यतः बुरशी आणि यीस्टवर. बिनआंबट बाटलीत ते घालून उपयोग नाही.

सामू: एवढा एक आकडा

माती परीक्षणाच्या कागदावर जो सामू (pH) असतो तोच इथेही लागतो. पदार्थाचा सामू 4.6 किंवा त्याच्या खाली असेल तर हा जंतू वाढत नाही. आकडा जितका कमी तितकं आंबट. घरच्या कामात 4.6 वर थांबू नका, 4.0 किंवा त्याखाली आणा, कारण सामू मोजायच्या कागदी पट्टीचा रंग डोळ्यांनी जुळवताना चूक होते.

कच्ची आंबट कैरी, लिंबू, चिंच, आवळा यांचा सामू साडेतीनच्या खाली असतो. टमाटर काठावर, 4.2 ते 4.9, जात आणि पिकलेपणा बघून. लसूण, हिरवी मिरची, आलं, ओली हळद, गाजर पाचच्या वर. सोले, वाटाणा, मका, बटाटा, ताजे बांबूचे कोंब, सात्या आणि इतर अळिंबी साधारण सहाच्या आसपास. मटण-मासळीही तिथेच.

मोजायला लाल-निळा लिटमस कागद चालत नाही, तो फक्त आंबट आहे की नाही एवढंच सांगतो. 0 ते 6 किंवा 3 ते 6 अशी अरुंद पट्टी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. बचत गट विकण्यासाठी करत असेल तर गटानं मिळून डिजिटल मीटर घ्यावं, आणि दर वेळी मोजण्याआधी 4 आणि 7 च्या द्रावणात ते जुळवून घ्यावं.

मोजण्यात हमखास होणाऱ्या चुका अशा. पट्टी नुसत्या रसात बुडवली जाते. रस आंबट असतो, पण लसणाच्या पाकळीच्या पोटात आंबट पोचलेलं नसतं, आणि जंतू वाढतो तो पाकळीत. म्हणून फोडी किंवा पाकळ्या काढून, वरचा रस निथळून, बारीक वाटून घ्या आणि त्या लगद्याचा सामू बघा. दुसरी चूक म्हणजे मसाला आणि तेल घातल्यावर मोजणं. हळदीनं पट्टी पिवळी होते, तेलानं तिच्यावर थर बसतो, आकडा खोटा येतो. आधी मीठ आणि आंबट घाला, मुरू द्या, मोजा, आणि त्यानंतरच हळद, तिखट, फोडणी.

कोणत्या वस्तूचं काय करायचं

कैरीचं लोणचं. 1 किलो फोडींना 200 ग्रॅम मीठ हे आपलं जुनं प्रमाण राखा. कैरी कच्ची आणि आंबट घ्या. पाड लागलेली, आतून पिवळी झालेली कैरी गोडसर असते, ती मेथांब्याला वापरून त्याच आठवड्यात संपवा. फोडी पुसून कोरड्या करा, मीठ लावून रात्रभर ठेवा, मग मसाला आणि गार केलेलं तेल. फोडी तेलाखाली राहिल्या पाहिजेत. ओला चमचा नको. यात बोट्युलिझमची भीती नाही, बुरशीची आहे.

लसणाचं लोणचं. इथे काळजी हवी. अर्धा किलो सोललेल्या पाकळ्यांना 100 ग्रॅम मीठ आणि पाकळ्या पुरत्या बुडतील इतका लिंबाचा रस, साधारण पाव ते अर्धा लिटर. मोठ्या पाकळ्यांचे दोन तुकडे करा, आंबट आत लवकर जातं. हे फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस मुरवा, रोज हलवा, मग पाकळी वाटून सामू बघा. 4.0 पर्यंत उतरला नसेल तर रस वाढवा आणि आणखी एक दिवस थांबा. प्रमाण सुरुवातीला धरायचं, निकाल पट्टीचा. तेल सगळ्यात शेवटी. ओली हळद, आलं आणि हिरव्या मिरचीचंही असंच. मिरचीला चीर दिल्याशिवाय आंबट आत जात नाही.

तेलातला कच्चा लसूण, लसणाचा ठेचा. ही वस्तू सगळ्यात फसवी. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका हॉटेलातला तेलातला चिरलेला लसूण खाऊन 36 जण आजारी पडले होते. त्या बाटल्या फ्रिजबाहेर ठेवलेल्या होत्या. घरी ठेचा केला तर लागेल तेवढाच करा, उरलेला फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. बाहेर फळीवर एक दिवसही नको. तेलात जास्त दिवस ठेवायचाच असेल तर आधी लसूण आंबट करावा लागतो. लसणाचे पाव इंचापेक्षा मोठे नसलेले तुकडे करा. 291 मिली पाण्यात 9 ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवा. या 300 ग्रॅम द्रावणात 100 ग्रॅम लसूण 24 तास बुडवून ठेवा. वर तरंगणारे तुकडे वाटी दाबून खाली ठेवा. मग निथळून तेलात घाला. वजन काट्यावरच करा, चमच्याच्या अंदाजानं नाही. एवढं करूनही तो फ्रिजमध्येच ठेवा.

टमाटरची प्युरी. 1 लिटरला सपाट अर्धा छोटा चमचा लिंबूसत्त्व, सुमारे अडीच ग्रॅम. ताज्या लिंबाचा आंबटपणा झाडागणिक बदलतो, म्हणून इथे लिंबूसत्त्वच बरं. आंबट फार वाटलं तर वाढताना साखर घाला, सत्त्व कमी करू नका. प्युरीत कांदा, लसूण, मिरची, सांबार (कोथिंबीर) घालून बाटल्या भरू नका, त्यानं सामू वर चढतो. ते भाजी करताना घाला.

वास्ते. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर भागात पावसाळ्यात बांबूचे कोंब येतात आणि ते टिकवून ठेवायची रीत जुनी आहे. जुनी रीत म्हणजे कापून वाळवणं किंवा आंबवणं, आणि दोन्ही ठीक आहेत. नवी रीत म्हणजे उकळून डब्यात बंद करणं, तीच घात करते. थायलंडच्या नान प्रांतात मार्च 2006 मध्ये घरी डब्यात बंद केलेले बांबूचे कोंब एका गावजत्रेच्या जेवणात वाढले गेले. 209 जणांना बोट्युलिझम झाला, 42 जणांना व्हेंटिलेटर लागला, आणि प्रतिविष परदेशांतून मागवावं लागलं. कोंब बिनआंबट, डबे मोठे, आणि आंच मध्यापर्यंत पोचलेली नाही. आपला माल तोच आहे, म्हणून हे उदाहरण आपल्याला सरळ लागू पडतं. वास्ते पातळ चिरा, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या (कच्च्या कोंबात सायनाईड तयार करणारी द्रव्यं असतात), आणि मग कडकडीत उन्हात वाळवा, मोडल्यावर कट्कन आवाज येईपर्यंत. पावसात ऊन नसेल तर चुलीच्या वर, धूर आणि ऊब लागेल अशा जागी पसरा. वाकतात पण मोडत नाहीत असे तुकडे डब्यात भरू नका.

सोले, वाटाणा, ओला हरभरा, मक्याचे दाणे. बाटली नको. फ्रीजर असेल तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, कपड्यावर कोरडे करा, एका वेळच्या भाजीपुरत्या पिशव्या करा आणि उणे 18 अंशांवर ठेवा. भारनियमनात फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर सुमारे दोन दिवस गारवा धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. सोले पूर्ण वितळून कोमट झालेले दिसले तर टाका. फ्रीजर नसेल तर तेच दोन मिनिटं उकळून, पांढऱ्या कपड्यावर तीन-चार दिवस उन्हात वाळवा. डबा हलवला की दाणे खडखडले पाहिजेत. रात्रभर भिजवून आमटी केली तर चव ताज्यासारखी येत नाही, पण चांगली येते.

सात्या आणि इतर अळिंबी वाळवा किंवा त्याच दिवशी खा. तेलात किंवा बंद पिशवीत भरून बाहेर ठेवू नका.

सुकी मासळी. भंडारा-गोंदियाच्या तलावांतली मासळी सुकवताना पोट साफ करणं चुकवू नका, माशाच्या आतड्यात हे बीजाणू असू शकतात. आतडी काढा, धुवा, मीठ आत-बाहेर चोळा, मग वाळवा. दमट मासळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका.

कुकरचं काय

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पातेल्यात 100 अंश, मग कुकरमध्ये बाटल्या ठेवून शिट्ट्या काढल्या तर? कुकरमध्ये उष्णता 120 अंशांच्या जवळ जाते हे खरं. पण ती वाफेची उष्णता आहे, बाटलीच्या पोटातल्या मालाची नाही. परदेशात बाटल्या भरायला मोठं, दाब मोजणारं वेगळं यंत्र वापरतात. त्यात आधी दहा मिनिटं वाफ सोडून आतली हवा पूर्ण काढतात, मग दाब एकसारखा धरतात. लहान बाटलीतल्या ताज्या वाटाण्यालाही 40 मिनिटं द्यावी लागतात, तीही दाब पूर्ण चढल्यावर मोजलेली. आपला कुकर लहान, लवकर तापतो, लवकर निवतो. शिट्टी म्हणजे वेळेचं माप नव्हे. त्याच्यासाठी तपासून ठरवलेली वेळ नाही. म्हणून कुकर रोजच्या डाळ-भाताला, बाटल्यांना नाही.

2015 साली अमेरिकेत ओहायोमधल्या एका चर्चच्या सहभोजनात 29 जणांना बोट्युलिझम झाला आणि एक व्यक्ती दगावली. कारण बटाट्याची कोशिंबीर, आणि तिच्यातले बटाटे घरी नुसत्या उकळत्या पाण्यात बाटलीबंद केलेले. बाटली भरण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या देशातही ही चूक होते.

भारतात हा आजार नाही असंही समजू नका. 1996 मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत शेव खाल्ल्यानंतर 34 विद्यार्थी आजारी पडले, किमान 3 दगावले. तिथे जंतू याच कुळातला दुसरा होता, विष याच जातीचं.

उघडताना

झाकण फुगलेलं, उघडताच वायू किंवा रस फसकन बाहेर, पाणी गढूळ, बुडबुडे, वेगळा वास, गळलेली बाटली: यातलं काहीही दिसलं तर बाटली बाद. पण उलटं खरं नाही. विषाला रंग, वास, चव नसते, आणि नितळ दिसणाऱ्या बाटलीतही ते असू शकतं. चाखून बघणं ही सगळ्यात वाईट परीक्षा, चिमूटभर अन्नानंही माणूस आजारी पडतो.

विष उष्णतेनं मोडतं, बीजाणू नाहीत. कुणी दिलेली बिनआंबट बाटली खायचीच असेल तर रस्सा उकळायला लागल्यापासून 10 मिनिटं, मेळघाटासारख्या उंच भागात 14-15 मिनिटं, ढवळत उकळा. फुगलेली किंवा शंका आलेली बाटली मात्र उकळूनही खाऊ नका.

संशय आला तर

पापण्या उतरल्या, एकाचे दोन दिसतात, बोबडं बोलणं, गिळता येत नाही, आणि ताप नाही. एवढं दिसलं की 108 ला फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका. उलटी काढायला मिठाचं पाणी देऊ नका, गिळता येत नसताना पाणी, दूध, काढा काहीच नको, ते फुफ्फुसात जातं. कुशीवर झोपवा किंवा त्याला बरं वाटेल तसं टेकवून बसवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: घरी बाटलीत किंवा तेलात ठेवलेलं अमुक खाल्लं, इतक्या वाजता, आणखी कोणी कोणी खाल्लं. आपल्या विदर्भात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण याच लक्षणांची दुसरी कारणं इथे जास्त दिसतात. मण्यार चावली तरी पापण्या पडतात, गिळता येत नाही, श्वास बसतो, आणि चाव्याची खूणही बहुधा दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला असेल तर मण्यारीचा संशय आधी घ्यायला हवा, तेही डॉक्टरांना सांगा. सापाच्या विषावरचं प्रतिविष बोट्युलिझमवर चालत नाही, आणि याचं प्रतिविष सापावर चालत नाही. कपाशीवर फवारणी करणाऱ्याला विषबाधा झाली तर उलट चित्र दिसतं: तोंडातून लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. बोट्युलिझममध्ये तोंड कोरडं आणि बाहुल्या बहुधा मोठ्या. धोतऱ्याच्या विषबाधेतही तोंड कोरडं आणि बाहुल्या मोठ्या होतात, पण माणूस बरळतो, भ्रमिष्ट होतो. इथे डोकं शाबूत असतं. अर्धांगात एक बाजू जाते, इथे दोन्ही बाजू सारख्या.

रुग्णाला व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणीच न्यायचं आहे, म्हणजे जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम किंवा नागपूर. प्रतिविष सहज मिळणारं औषध नाही, ते मागवायला वेळ लागतो, म्हणून संशय येताच तशी मागणी करायला डॉक्टरांना विनंती करा. ते देण्याआधी रक्ताचा नमुना घेतात. उरलेलं अन्न फेकू नका, बाटलीसकट दोन पिशव्यांत बांधून, चिठ्ठी लावून, फ्रिजमध्ये वेगळं ठेवा. ज्यांनी ज्यांनी तेच खाल्लं त्या सगळ्यांना, त्रास नसला तरी, दवाखान्यात न्या.

तान्ह्या बाळाला मध नको

बाळ जन्मलं की मध चाटवायची रीत आपल्याकडे आहे, घुटीही मधात उगाळतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, मेळघाटच्या जंगलातला शुद्ध असो की बाटलीतला. मधात बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा उगवत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात उगवतात आणि तिथेच विष तयार करतात. मध गरम करून उपयोग नाही. बाळाला आधी बद्धकोष्ठ होतं, मग दूध ओढणं कमी, रडणं क्षीण, मान लोळते, अंग ढिलं पडतं. असं बाळ लगेच दवाखान्यात न्या. आईनं स्वतः मध खायला हरकत नाही.

बाद बाटली टाकताना

उकिरड्यावर फेकू नका. कुत्री, कोंबड्या, गुरं यांनाही हे विष बाधतं. बाटली बंद असेल तर उघडू नका, दोन पिशव्यांत गुंडाळून तोंड चिकटपट्टीनं बंद करा आणि जनावर उकरणार नाही असा खोल खड्डा करून, विहिरीपासून लांब, पुरा. बाटली उघडली गेली असेल किंवा गळत असेल तर हातमोजे घाला, ती झाकणासकट गंजात (मोठ्या पातेल्यात) आडवी ठेवा, वर इंचभर येईल इतकं पाणी शिंतोडे न उडवता ओता, झाकण ठेवून उकळी आल्यापासून 30 मिनिटं उकळा. गार झाल्यावर सगळं पुरा. ओट्यावर सांडलं असेल तर 1 भाग ब्लीच आणि 5 भाग पाणी असं मिश्रण वर ओतून 30 मिनिटं राहू द्या, मग जुन्या कपड्यानं पुसा आणि तो कपडाही पुरा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. हात साबणानं दोनदा धुवा, आणि ते धुवून होईपर्यंत डोळ्यांना, तोंडाला लावू नका.